मामाची तिसरी संधी

मी एचआरमध्ये आहे. म्हणजे मी पॅन्ट्रीत शिरले की ज्यांच्यामुळे गप्पा बंद पडतात, त्या जमातीतली. दिवाळीच्या आठवडाभर आधी आमचा मिड-इयर रिव्ह्यू संपला. कोणाला प्रमोशन, कोणाला ‘थोडं थांबा’, कोणाला नुसतंच चॉकलेट. मग लॅपटॉप बंद केला, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी कारंज्याला उतरून एसटीने मानोऱ्याला मामांकडे गेले.

मानोरा कुठे आलं, असं पुण्यात दहापैकी नऊजण विचारतात. वाशिम जिल्हा. कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस यांच्या मधला तालुका. पोहरादेवीचं नाव ऐकलंय ना? बंजारा समाजाची काशी? ती याच तालुक्यात. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, तूर उभी असते, कापूस फुटायला लागलेला असतो, आणि एसटी स्टँडवर उतरलं की पहिल्यांदा काय दिसतं सांगू? बॅनर. ‘हार्दिक अभिनंदन!’ कोणाची तरी मुलगी पीएसआय, कोणाचा तरी मुलगा तलाठी, कोणी वनरक्षक. पुण्यात होर्डिंगवर फ्लॅट असतात, इथे निकाल असतात.

मामांच्या घरात परीक्षा या विषयावर दोन पिढ्यांचा अनुभव आहे. मामा महसूल खात्यातून मे 2025 मध्ये निवृत्त झाले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी धाकटी मामेबहीण, गेली सहा वर्षं भरतीच्या परीक्षा देतेय. एकाची गोष्ट प्रमोशनच्या परीक्षेची, दुसरीची नोकरी मिळवण्याच्या. दोघं समोरासमोर बसून चिवडा खातात आणि एकमेकांच्या परीक्षेविषयी अवाक्षर काढत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी मामांनी मला विचारलं, “तुह्या कंपनीत प्रमोशनचा पेपर कोन काढते?”

म्हटलं, “पेपर नसतो मामा. मॅनेजर ठरवतो. मग आम्ही सगळे बसून चर्चा करतो.”

“चर्चा?” मामांनी चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढायचं थांबवलं. “म्हंजे साहेबाले पटला त मानूस वर, नाई पटला त खाली?”

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. आमच्या कंपनीची ‘परफॉर्मन्स कॅलिब्रेशन’ची पस्तीस स्लाइड्सची डेक मीच केलेली आहे. इतक्या थोडक्यात ती कोणी सांगितली नव्हती.

बारनिशीतला कागद

मामा 1996 मध्ये लिपिक म्हणून लागले, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तहसिलीत. तेव्हा मानोरा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. तर, आपल्याला वाटतं की सरकारी नोकरी लागली म्हणजे परीक्षा संपली. महसुलातल्या कारकुनाला किंवा तलाठ्याला विचारा! लागल्यावर खात्याची दुय्यम सेवा परीक्षा, जिला सगळे एसएसडी म्हणतात, ती चार वर्षांत आणि तीन संधींत पास व्हायची. मग पुढची महसूल अर्हता परीक्षा, तीही तीन संधींत आणि नोकरीच्या पहिल्या नऊ वर्षांत. ती झाली की अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकारी होण्याचा रस्ता मोकळा. तिथून पुढे नायब तहसीलदार. मुदतीत पास झालात तर तुमची ज्येष्ठता जागच्या जागी. नाही झालात तर नोकरी जात नाही, पण तुमच्यानंतर लागलेला आणि वेळेत पास झालेला माणूस यादीत तुमच्या डोक्यावरून पुढे जातो. कायमचा.

अभ्यास कशाचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, मामलेदार कोर्टाचा 1906 चा कायदा, गाव नमुने, हिशेबाचे नियम. खात्याच्या काही पेपरना पुस्तकं घेऊन बसता येतं. हे ऐकून मी हसले होते. मामा म्हणाले, “पुस्तक समोर असूनही नापास होते मानूस, तेव्हा समजते का कायदा काय चीज हाये.”

पहिल्या संधीत मामा नापास झाले. दुसऱ्या वेळी तीन मार्क कमी पडले. दोन्ही वेळा अमरावतीला जाऊन, ओळखीच्या माणसाच्या खोलीवर सतरंजीवर झोपून पेपर दिले होते. तिसऱ्या वेळेसाठी मात्र त्यांनी जीव तोडून तयारी केली. मामी सांगते, पहाटे चारला उठून संहितेची कलमं म्हणायचे, इतकी की मामेबहीण, तेव्हा सात-आठ वर्षांची, बाहुलीला झोपवताना कलमं म्हणायची.

ते साल 2004. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक, म्हणजे तहसील कार्यालयात दिवसरात्र एकच धामधूम. परीक्षेचा अर्ज सरळ पाठवता येत नाही, ‘योग्य त्या मार्गाने’ जावा लागतो. मामांनी अर्ज दिला. तो वर जायला हवा होता. तो गेला नाही. आवक-जावकच्या टेबलावर, ज्याला महसुलात बारनिशी म्हणतात, मतदार याद्यांच्या गठ्ठ्याखाली पडून राहिला. मुदत संपल्यावर सापडला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, असं मामा आजही म्हणतात. कोणाचं नाव घेत नाहीत. 2005 मध्ये नऊ वर्षं पूर्ण झाली आणि विषय मिटला.

“पोच घेतली नाई मी,” एवढंच ते म्हणतात. अर्ज दिल्याची सही-शिक्क्याची पोच असती तर भांडता आलं असतं.

मग काय झालं? वयाची 45 वर्षं पूर्ण झाली की परीक्षेतून सूट, असा तेव्हा नियम होता. मामांना 1 जून 2012 ला 45 पूर्ण झाली. सुटीनंतर ते अव्वल कारकून झाले आणि अव्वल कारकून म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्यानंतर तीन वर्षांनी लागलेला एक पोरगा, ज्याला मामांनी सात-बाराच्या नोंदी शिकवल्या, तो नायब तहसीलदार झाला. शेवटची काही वर्षं मामा त्याच्याच टेबलासमोर फाइल घेऊन उभे राहायचे. तो बिचारा दरवेळी उठून खुर्ची द्यायचा. मामा बसायचे नाहीत.

इथे मला राग आला, हे कबूल करते. एका कागदासाठी माणसाचं अख्खं करिअर? आमच्याकडे असं झालं असतं तर एक ई-मेल, एक ‘एक्सेप्शन अप्रूव्हल’, आणि काम फत्ते. मी हे बोलून दाखवलं. मामांनी शांतपणे विचारलं, “मंग ते अप्रूवल कोनाले भेटते? सगळ्याईले?”

नाही. ज्याचा मॅनेजर भांडतो त्याला मिळतं. दुसऱ्यांदा तोंड मिटलं.

जन्मतारीख 1 जून

मामांची जन्मतारीख 1 जून आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची 1 जून आहे. शाळेत नाव घालायला आई-बाप घेऊन आले की गुरुजी अंदाजाने वर्ष आणि शाळेच्या हिशेबाने 1 जून लिहून मोकळे. घरचे म्हणायचे, हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आता मजा बघा. सरकारी नियमानुसार महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून मामा 31 मे 2025 ला घरी आले. खरा जन्म पोळ्याचा असेल तर गुरुजींच्या एका फटकाऱ्याने नोकरीचे काही महिने गेले!

वयाचा हा घोळ नवा नाही. आपली सगळी परीक्षापद्धत जिथून आली त्या लंडनच्या आयसीएस परीक्षेतही तो झालाय. 1855 पासून तिथे खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, साहेबाच्या ओळखीने नोकरी देण्याची जुनी चाल मोडायला. कागदावर सगळ्यांना खुली. फक्त परीक्षा द्यायला बोटीने इंग्लंडला जायचं! हिंदुस्थानात ही परीक्षा व्हायला 1922 साल उजाडलं. तर 1869 मध्ये चार हिंदी तरुण पास झाले. त्यातले सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची नावं यादीतून काढली गेली. कारण काय? वय जास्त भरतंय. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगायची पद्धत, साहेबाकडे पूर्ण झालेलं वर्ष धरायची. प्रकरण क्वीन्स बेंच कोर्टात गेलं आणि शेवटी दोघांची नावं परत आली. सुरेंद्रनाथ पुढे राजकारणात मोठे झाले म्हणून त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत. ठाकूरांची कोणी सांगत नाही. मी ती मामांना सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, “त्याईच्याकडे पोच असन.”

वयावरून आठवलं. एमपीएससीसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 2016 मध्ये 33 वरून 38 केली. मागासवर्गीयांसाठी 43. मुलांनी फटाके वाजवले होते. मला आजही कळत नाही की ती सवलत होती की सापळा. मामेबहीण 29 ची आहे. म्हणजे नियमाने तिच्याकडे भरपूर वर्षं आहेत. मामी म्हणते, तेच तर टेन्शन आहे. दरवर्षी दिवाळीत स्थळ येतं आणि दरवर्षी ही म्हणते, “एक अटेम्प्ट झाला की बघू.”

दोनशेपैकी दोनशे चौदा

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर अभ्यासिकेत गेले. एका दुकानाच्या वर हॉल, प्लायवूडचे खोपटे केलेले, प्रत्येकात एक खुर्ची, एक ट्यूबलाइट, एक चार्जर. थेट आमची क्युबिकल्स! फक्त इथे कोणी कॉफी प्यायला उठत नाही. भिंतीवर जुन्या जाहिरातींची कात्रणं, आणि कोणीतरी पेनाने लिहिलेलं, ‘मोबाइल = पुढच्या वर्षी पुन्हा’.

तिने 2023 ची तलाठी भरती दिली होती. आकडे ऐका. जागा 4644. अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या गटाला 1000 रुपये, राखीवला 900. गुणाकार तुम्हीच करा. परीक्षा कॉम्प्युटरवर, एका मोठ्या आयटी कंपनीमार्फत, 17 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर, दिवसाला तीन शिफ्ट. शंभर प्रश्न, दोनशे मार्क, दोन तास.

तिचं सेंटर अकोला. शिफ्ट सकाळची, म्हणून आदल्या दिवशीच निघाली. पेपर सोपा गेला. बाहेर आली ती रडवेली.

“सोपा गेला तर रडायचं काय?”

“ताई, सोपा गेला म्हणजे सगळ्यांनाच सोपा गेला ना!”

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच खरी गंमत आहे. इतक्या साऱ्या शिफ्ट, प्रत्येकीचा पेपर वेगळा. काही अवघड निघणार, काही सोपे. मग कच्चे मार्क सरळ मोजले तर अवघड शिफ्टवाल्यांवर अन्याय. म्हणून ‘नॉर्मलायझेशन’. समजा सकाळच्या शिफ्टची सरासरी 90 आली आणि दुपारची 120. तर सकाळी 120 मिळवणारा आपल्या गटाच्या खूप पुढे आहे, दुपारी 120 मिळवणारा मधोमध आहे. सूत्र बघतं की तुम्ही तुमच्या गटाच्या सरासरीपासून किती पुढे, आणि त्याप्रमाणे सगळ्यांना एकाच पट्टीवर आणतं. सोप्या शिफ्टमधल्यांचे मार्क घटतात, अवघडमधल्यांचे वाढतात. गणित चुकीचं नाही. मी तर म्हणेन बरोबर आहे. पण जानेवारी 2024 मध्ये यादी लागली आणि सगळ्यात वर होते 214. दोनशेपैकी दोनशे चौदा!

महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. घोटाळा, घोटाळा. खुलासेही झाले, की अवघड शिफ्टमध्ये फारच वर असलेला उमेदवार पट्टीवर आणताना कमाल मार्कांच्या बाहेर जाऊ शकतो, आणि महत्त्व क्रमाला आहे, आकड्याला नाही. मामांनी तेव्हा पेपर वाचून म्हणे इतकंच म्हटलं, “आमच्या गुरुजीनं दोनशात दोनशे चौदा देल्ले असते त त्याची बदली गडचिरोलीले झाली असती.”

मी मात्र ऐकताना दुसराच विचार करत होते. आमच्या बेल कर्व्हचा. आम्हीही तेच करतो की! एका टीमचा मॅनेजर सढळ, दुसऱ्या टीमचा कंजूष, मग आम्ही सगळ्यांना एका वक्ररेषेत बसवतो. कोणाचं ‘एक्सलंट’चं ‘गुड’ होतं. फरक इतकाच की आमच्याकडे सूत्र कोणाला दाखवत नाहीत. इथे सूत्र छापलेलं असतं, उत्तरतालिका बाहेर येते, प्रश्नावर हरकत घेता येते, निकालाची यादी नावानिशी लागते. माझी मामेबहीण, जिला इंटरव्ह्यूच्या ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला घाम फुटतो, ती स्टँडर्ड डेव्हिएशन काढून दाखवते. कारण तिला स्वतःचे गेलेले मार्क शोधायचे होते.

तिचं नाव यादीत नव्हतं. किती मार्कांनी हुकलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

नियमांच्या बारीकसारीक गोष्टी तिच्याकडून ऐकाव्यात. हॉल तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे. त्यामुळे तिच्या लग्न झालेल्या एका मैत्रिणीने तीन वर्षं झाली, आधारवर सासरचं नाव लावलेलं नाही. सासूबाई नाराज. मैत्रिणीचं उत्तर ठरलेलं, “दहावीच्या सर्टिफिकेटवर सासर नव्हतं.” हातात साधं घड्याळही घालायचं नाही. कानातलं काढायचं. मेंदी लावायची नाही, बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत म्हणून. नात्यातली लग्नं झाली की ही एकटी कोऱ्या हातांनी फोटोत उभी.

हे सगळं जाच वाटतं ना? मलाही वाटलं. पण तो जाच का आला तेही माहीत आहे. 2002 मध्ये एमपीएससीचा घोटाळा उघड झाला, मार्क वाढवून दिल्याचा, आणि अटका थेट आयोगाच्या वरिष्ठांपर्यंत पोचल्या. तिच्या पिढीला आठवतो तो 2021 चा हिवाळा. आरोग्य खात्याच्या भरतीचा पेपर फुटला. मग 12 डिसेंबरची म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. तेव्हा एसटीचा संप चालू होता. मुलं जीप, ट्रॅव्हल्स, मिळेल ते पकडून परीक्षेच्या गावी पोचली होती. मध्यरात्री फोन वाजायला लागले. त्याच महिन्यात शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रकरण निघालं. 2024 मध्ये केंद्राने आणि पाठोपाठ महाराष्ट्रानेही पेपरफुटीविरुद्ध कडक कायदे केले. राज्याच्या कायद्यात तीन ते पाच वर्षांची कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. अभ्यासिकेतल्या एका मुलाला मी विचारलं, बरं वाटलं का? तो म्हणाला, “फोडणाऱ्याले जेल होईन. आपलं वरीस कोन देईन?”

परत येताना मी तिला म्हटलं, आमच्या कंपनीत ये. मी रेफर करते. खरंच करते, मला रेफरल बोनसही मिळेल. ती थांबली. म्हणाली, “ताई, तू आहेस म्हणून मला मिळेल. तू नसतीस तर?” आणि मग, थोड्या वेळाने, “इथे कोणाची कोणी नसलेली पोरगी पण लागते गं. बॅनरवर बघितलंस ना.”

एमबीएच्या दोन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी तिच्या बाजूने आहे की नाही, अजून ठरत नाही. सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं असतात. आमच्याकडे या वयात मुली टीम लीड होतात, ईएमआय भरतात, नोकरीला कंटाळून सोडूनही देतात. पण ज्या घरात ओळखीचा माणूस कोणीच नाही, तिथे छापील नियम हीच ओळख, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा दिसलं. म्हणूनच नियमातली एक संधी, एक तारीख, एक शिक्का त्यांना इतका लागतो. आपल्याला काय, दुसरी कंपनी आहेच.

निघायच्या आदल्या रात्री ती एका नव्या जाहिरातीचा फॉर्म भरत होती. मामा शेजारी चष्मा लावून बसले होते. स्वतःच्या परीक्षेविषयी न बोलणारा हा माणूस तिच्या फॉर्ममधला प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचत होता. फी भरली. पावती आली. मामांनी ती दोनदा प्रिंट करायला लावली, एक तिच्या फाइलला, एक स्वतःच्या ट्रंकेत. मग एक जुनी वही काढली. त्यात तिच्या सहा वर्षांतल्या सगळ्या अर्जांचे क्रमांक, तारखा, वेळा, सुबक कारकुनी अक्षरात. आवक-जावकचं रजिस्टरच. तिने कधी बघितलं नव्हतं. ती काही बोलली नाही, फक्त उठून चहा ठेवला.

सकाळी मामा मला स्टँडवर सोडायला आले. बस लागली. त्यांनी खिडकीतून तिळाच्या चटणीचा डबा दिला आणि विचारलं, “दोन दिवस जादा राह्यली तू. रजा मंजूर हाये ना?”

“हो मामा, सिस्टिमवर टाकलीय. अप्रूव्ह झाली.”

“पोच?”

मी मोबाइलवर ई-मेल उघडून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट वाचला. तारीखही बघितली.

“प्रिंट काढून ठेव,” ते म्हणाले.